केमो सुरू होतानाच पॅलिएटिव्ह केअर

कॅन्सर पसरलाय असं कळलं की घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, केमो कधी सुरू करायची? त्याच वेळी डॉक्टरांनी ‘पॅलिएटिव्ह’ विभागात, म्हणजे वेदना आणि इतर त्रास कमी करण्यासाठी असलेल्या विभागात, जाऊन या म्हटलं, तर नातेवाईक हबकतात. डॉक्टरांनी हात टेकले की काय? खरं तर हीच तिथे जायची योग्य वेळ असते.

बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये डॉ. जेनिफर टेमेल आणि सहकाऱ्यांनी फुप्फुसाचा कॅन्सर पसरलेल्या १५१ रुग्णांवर केलेला अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. निदान होऊन दोन महिनेही झालेले नसताना या रुग्णांचे दोन गट पाडले. कॅन्सरवरचे नेहमीचे उपचार दोन्ही गटांना मिळत होते. एका गटाला त्याबरोबरच महिन्यातून एकदा तरी पॅलिएटिव्ह टीमही भेटत होती. बारा आठवड्यांनी त्या गटात नैराश्याची लक्षणं १६ टक्के रुग्णांत आढळली, दुसऱ्या गटात ३८ टक्के. अखेरच्या काळात दमवणारे उपचार कमी होऊनही पहिल्या गटातले रुग्ण जास्त जगले: मध्यक (म्हणजे निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ) ११.६ महिने, दुसऱ्या गटात ८.९. नंतरच्या सगळ्याच अभ्यासांत आयुष्य असं वाढलेलं दिसलं नाही, म्हणून केवळ या आकड्यावर आशा बांधू नये. पण असलेले दिवस कमी त्रासात जाणं, हे मला तेवढंच मोलाचं वाटतं.

या भेटींत होतं काय? दुखतं कुठे, झोप लागते का, जेवण जातं का, शौचाला होते का, असे प्रश्न नीट वेळ देऊन विचारले जातात. दम लागत असेल तर छोटा पंखा चेहऱ्यासमोर धरायला सांगतात. गालांवर, नाकाशी वारा लागला की धाप लागल्याची जाणीव कमी होते. तीव्र वेदनेसाठी मॉर्फिनची साधी गोळी साधारण दर चार तासांनी देतात. तिने बद्धकोष्ठता होते, म्हणून जुलाबाचं औषध सोबतच सुरू करतात. सवय लागेल या धास्तीने घरचे गोळी लपवून ठेवतात आणि पेशंट रात्रभर कण्हत राहतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, वेदनेच्या मापाने दिलेल्या मॉर्फिनचं व्यसन लागण्याची शक्यता कमी असते.

मॉर्फिनवरचे कडक नियम भारतात २०१४च्या कायदादुरुस्तीने सैल केले. मुंबईत टाटा मेमोरियलमध्ये पॅलिएटिव्हचा स्वतंत्र विभाग आहे. तुमचे उपचार कुठेही चालू असोत, केमोची तारीख घेतानाच डॉक्टरांना विचारा, ‘पॅलिएटिव्हची चिठ्ठी आत्ताच द्याल का?’