दोन काळ्या काचा: पोलरायझर आणि एनडी

नंदुरबारला समुद्र नाही, पण समुद्राकडे जाणारी गाडी आहे. आपली तापी मुलताईहून निघते, ७२४ किलोमीटर वाहते आणि सुरतेच्या पुढे डुमस आणि हजिरा यांच्या मधून खाडीला लागते. आम्हीही तिच्याच दिशेनं रेल्वेनं तीन-चार तासांत सुरत गाठतो. मार्चमधल्या एका शनिवारी आम्ही तिघं असेच डुमसला गेलो. ओहोटी होती. काळी वाळू ओली, पार लांबपर्यंत चमकणारी, आणि सूर्य हातभर वर. मित्रानं कॅमेरा ट्रायपॉडवर लावला आणि मागे न बघता हात पुढे केला, "ती काळी काच दे रे." मी दिली. त्यानं फिरकी देऊन बसवली आणि फोटो काढला. लाटा गोठल्यासारख्या जिथल्या तिथे, आणि पायाजवळच्या वाळूतली सगळी तांबूस झळाळी गेलेली. डांबर ओतल्यासारखी दिसत होती वाळू. मी त्याला एनडी फिल्टरऐवजी पोलरायझर फिल्टर दिला होता. चूक कळल्यावर मी डबी पुढे केली तर म्हणतो, "भाऊ, दोन्ही कायाच शेतस ना!"

दोन्ही काळ्याच आहेत, हे खरं. दोन्ही गोल, दोन्ही लेन्सच्या आट्यांवर बसतात, दोन्हींमुळे प्रकाश कमी होतो. दुकानदारसुद्धा कधी कधी "समुद्रावर जाताय ना, मग हा घ्या" म्हणून हाताला लागेल तो काढून देतो. पण दोघांचं काम फार वेगळं आहे. एनडी म्हणजे न्यूट्रल डेन्सिटी. आत प्रकाश किती सोडायचा, एवढंच ती ठरवते. पोलरायझर, म्हणजे दुकानातल्या भाषेत सीपीएल (सर्क्युलर पोलरायझर), कोणता प्रकाश सोडायचा ते ठरवतो.

आधी एनडी, कारण तिच्यात समजायला फारसं काही नाही. ती म्हणजे कॅमेऱ्याला लावलेला काळा गॉगल. आभाळ, पाणी, वाळू, माणूस, सगळ्यांचा प्रकाश सारख्याच प्रमाणात कापते. फायदा इतकाच की शटर जास्त वेळ उघडं ठेवता येतं. समजा मावळतीआधी तुमचा शटर १/६० सेकंद येतोय. एनडी ८ लावली की तो १/८ होतो, एनडी ६४ लावली की साधारण एक सेकंद, आणि एनडी १००० लावली की सतरा सेकंद. म्हणजे अनुक्रमे तीन, सहा आणि दहा स्टॉप; एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा. काही कंपन्या याच काचांवर ०.९, १.८ आणि ३.० असं छापतात. तिथे नवा माणूस हमखास फसतो, तीन आकडा बघून तीन स्टॉपची समजून दहा स्टॉपची घेऊन येतो.

माझं मत विचाराल तर समुद्रासाठी एनडी ६४ पुरे. एक सेकंदाच्या आसपास परतणारी लाट वाळूवर पांढऱ्या रेघा ओढत जाते, ती दिसते. सतरा सेकंदांत पाण्याचं धुकं होतं. पहिल्या दोन वेळा बरं वाटतं, मग सगळे समुद्र सारखेच दिसायला लागतात. डुमसचं पाणी तर गढूळ, मातकट. खंबातच्या आखातातली भरती-ओहोटी जोरदार असते आणि गाळ सतत ढवळला जातो. तिथे फार लांब एक्सपोजर दिलं की पाणी चहासारखं दिसतं.

आता पोलरायझर. याची गोष्ट जरा मोठी आहे आणि ती संध्याकाळच्या उन्हातच सुरू झाली. १८०८ साली पॅरिसमध्ये एत्येन-लुई मालूस हा फ्रेंच शास्त्रज्ञ घराच्या खिडकीतून समोरच्या लक्झेंबर्ग राजवाड्याच्या काचांवर पडलेलं मावळतीचं प्रतिबिंब बघत होता. हातात कॅल्साइटचा पारदर्शक खडा होता. या खड्यातून एका वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात. खडा फिरवला तेव्हा त्या दोन प्रतिमांचं तेज आळीपाळीनं कमी-जास्त होताना त्याला दिसलं. काचेवरून परतलेला प्रकाश साध्या प्रकाशापेक्षा वेगळा असतो, हे त्याला तिथे उमगलं. (कॅल्साइट आपल्याला परका नाही. जळगाव-सावद्याकडच्या काळ्या दगडाच्या खाणींतून झिओलाइटचे जे स्फटिक निघतात, त्यांच्या जोडीला तोही असतो.)

साधा प्रकाश सगळ्या दिशांनी थरथरतो. पाणी, काच, ओली वाळू, गुळगुळीत पान अशा पृष्ठभागावरून तिरपा परतला की त्यातली एकाच दिशेची थरथर मुख्यतः उरते. पोलरायझर म्हणजे एका दिशेचे गज लावलेली खिडकी. गज आणि थरथर जुळले तर प्रकाश आत येतो, आडवे झाले तर बाहेरच अडतो. म्हणून त्याची पुढची कडी फिरते, आणि फिरवत फिरवत चकाकी कुठे जाते ते बघायचं असतं. हे करताना तो प्रकाशही खातो, साधारण दीड ते दोन स्टॉप. पण तो त्याचा खर्च झाला, काम नव्हे. नेमका हा खर्च बघूनच लोक त्याला एनडी समजतात.

त्याची ताकद मला समुद्रावर नाही, घरीच कळली. हिवाळ्यात नंदुरबारभोवती मिरचीच्या पथाऱ्या पसरतात. लांबून लालभडक, पण दुपारी जवळ जाऊन फोटो काढला तर अर्धी मिरची पांढरी येते. सालीच्या गुळगुळीतपणावर आभाळ चमकत असतं. एक मिरची घ्या आणि पोलरायझरमधून बघत कडी फिरवा. देठापासून टोकापर्यंत जी पांढरी रेघ होती ती आधी फिकट होते, मग जाते, आणि खालून खरा गर्द लाल रंग वर येतो, सालीवरच्या बारीक सुरकुत्यांसकट. रावेर-यावलच्या केळीच्या पानांचंही तेच. मेणचट पान उन्हात रुपेरी दिसतं, कडी फिरली की हिरवं होतं. धातूवर मात्र हा खेळ चालत नाही. सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्याच्या तुकतुकीत अंगावरची चमक पोलरायझरनं कमी झाली, गळ्यातल्या चांदीच्या साजाची चमक होती तशीच राहिली.

मग समुद्रावर हा कुठे कामाचा आणि कुठे घात करतो? इथे सगळा मामला कोनाचा आहे. पाण्यावरून परतलेला प्रकाश सगळ्यात जास्त तेव्हा छाटला जातो, जेव्हा तुमची नजर पाण्याच्या पातळीशी साधारण ३७ अंशांचा कोन करते. म्हणजे उभं राहून आपल्यापासून दोन-सव्वादोन मीटरवरच्या वाळूकडे बघितल्यासारखं. मित्राच्या फोटोत झालं ते हेच. पायाजवळच्या ओल्या वाळूतलं आभाळ पुसलं गेलं, लांबची पट्टी मात्र चमकत राहिली, कारण तिथे नजर फारच तिरपी जाते. पाण्यात मावळतीचा जो सोनेरी रस्ता दिसतो त्यालाही पोलरायझर फारसं काही करत नाही. सूर्य ३७ अंशांवर असताना ती चकाकी उत्तम कापली जाते. मार्चमध्ये सुरतेकडे ही वेळ दुपारी चारच्या सुमाराला येते, डिसेंबरात अडीचच्या पुढेमागे. साडेपाच-सहानंतर सूर्य खाली येतो तसा पोलरायझरचा जोर ओसरतो.

आभाळाचं गणित आणखी वेगळं आहे. पोलरायझरनं निळं आभाळ सगळ्यात गडद होतं ते सूर्यापासून काटकोनात. सूर्य पश्चिमेला टेकला की हा पट्टा उत्तरेकडून डोक्यावरून दक्षिणेकडे जातो. आपल्याकडचा समुद्र पश्चिमेला! त्यामुळे संध्याकाळी समुद्राकडे तोंड करून सूर्यास्त काढताना आभाळासाठी पोलरायझर लावणं म्हणजे दीड-दोन स्टॉप फुकट घालवणं. तोच किनाऱ्याच्या कडेनं, उत्तरेला किंवा दक्षिणेला वळलात, पायवाट, होड्या, भजीच्या गाड्या फ्रेममध्ये घेतल्या, की तो झकास चालतो. फक्त लेन्स फार रुंद नको. अठरा मिलिमीटरच्या आसपास गेलात की आभाळात मधोमध गडद डाग आणि दोन्ही बाजूंना फिकट, असं बेढब दिसतं. इंद्रधनुष्य दिसलं तर कडी जपून फिरवा, एका कोनाला त्याचा बराच भाग नाहीसा होतो. माझं तोरणमाळला एकदा झालंय.

म्हणून डुमसच्या फेरीत माझा क्रम ठरलेला असतो. चारच्या सुमारास पोहोचलो की पोलरायझर, किनाऱ्याच्या लांबीकडे तोंड करून. ऊन उतरलं की तो डबीत, आणि ओल्या वाळूतली झळाळी जशीच्या तशी ठेवून एनडी. दोन्ही एकावर एक लावायची वेळ समुद्रावर क्वचितच येते. धबधब्यावर येते. तोरणमाळच्या सीताखाईला ओल्या खडकांची चमकही घालवायची असते आणि पाणीही मऊ करायचं असतं. तिथेही रुंद लेन्सवर दोन कड्यांची जाडी फोटोच्या कोपऱ्यांत काळी उतरते, हे ध्यानात असू द्या.

एडिटिंगमध्ये होत नाही का हे सगळं? एनडीचं काम बऱ्यापैकी होतं. पाठोपाठ वीस-तीस फोटो काढून त्यांची सरासरी केली की पाणी मऊ दिसतं, मोबाइलमधली लाँग एक्सपोजरची सोय अशीच काहीशी चालते. पोलरायझरचं काम मात्र नंतर होत नाही. चकाकीखालचा मिरचीचा लाल रंग कॅमेऱ्यात आलाच नसेल तर तो परत आणणार कुठून?

जुना फिल्टर घेताना ओळख पटवायची असेल तर दुकानदाराचा कॅलक्युलेटर मागा. काचेची पुढची बाजू कॅलक्युलेटरकडे धरा, आट्यांची बाजू डोळ्याकडे, आणि काच गोल फिरवा. आकड्यांची खिडकी एका ठिकाणी ठार काळी झाली तर तो पोलरायझर. काहीच बदललं नाही तर एनडी. काच उलटी धरली तर अंधार पडत नाही, पिवळट-निळसर छटा तेवढी बदलते, कारण सीपीएलच्या मागच्या बाजूला आणखी एक थर असतो. तो जुन्या आरशाच्या कॅमेऱ्यांचा ऑटोफोकस आणि प्रकाशमापन गोंधळू नये म्हणून आला.

तिसरा एक घोटाळेबाज आहे, व्हेरिएबल एनडी, म्हणजे गडदपणा कमी-जास्त करता येणारा फिल्टर. त्याची कडीही फिरते, म्हणून लोक त्याला पोलरायझर समजतात. आत असतात दोन पोलरायझर, एकमेकांसमोर. साध्या पांढऱ्या भिंतीकडे बघून पुढची कडी फिरवा. भिंत अंधारत गेली तर तो व्हेरिएबल, तशीच राहिली तर सीपीएल. व्हिडिओवाल्यांना तो सोयीचा. स्थिर फोटोला मी वापरत नाही, फार गडद केला की रुंद लेन्सवर आभाळात काळी फुली उमटते.

डुमसला त्या दिवशी शेवटी एनडी लावली, तीही एकदम जमली नाही. दहा स्टॉपच्या काचेतून कॅमेऱ्याला काही दिसत नाही, तेव्हा फोकस आधी करून मॅन्युअलवर टाकायचा आणि मग काच लावायची, हे आम्ही विसरलो. दुसऱ्या वेळी ट्रायपॉडचा एक पाय ओल्या वाळूत हळूच खचला आणि क्षितिज दुहेरी आलं. पाय दाबून रोवायचे, एक-दोन लाटा त्यांच्यावरून जाऊ द्यायच्या, मगच शटर. परतताना काच आट्यांत वाळू जाऊन अडकली, निघता निघेना. गाडीत बसल्यावर टिफिनच्या डब्याला लावलेलं रुंद रबर कडीभोवती गुंडाळलं आणि अलगद फिरवलं, तेव्हा सुटली. तेव्हापासून दोन्ही डब्यांवर पांढऱ्या रंगानं मोठं "प" आणि "ए" लिहिलंय, आणि ते रबर पाऊचमध्येच असतं.