गरीला लागलेला मांगूर: आपला की आफ्रिकन?

मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या पाळीवर, बोडीच्या म्हणजे शेतातल्या छोट्या तळ्याच्या काठाला किंवा वैनगंगेच्या डोहावर गरी टाकून बसणाऱ्याला एक ओळख पक्की हवीच. हाती आलेला मांगूर हा मिशीवाला मासा आपला देशी आहे की बाजारात 'थाई' म्हणून खपवला जाणारा आफ्रिकन? दोघांनाही आठ मिशा. दोघेही बिनखवल्याचे, बुळबुळीत. दोघांच्याही पाठीवरचा पर (पोहण्याचा पंख) डोक्यामागून निघतो तो थेट शेपटीपर्यंत जातो. गांडुळाला दोघेही लागतात आणि पाण्याबाहेर काढल्यावर दोघेही तासन्‌तास जिवंत राहतात. एवढे साम्य असूनही एकाला पाण्यात परत सोडायला हवे आणि दुसऱ्याला चुकूनही सोडता कामा नये. म्हणून ही ओळख काठावरच, मासा हातात असतानाच व्हायला हवी.

रंगावर जाऊ नका. गढूळ तलावातला मासा आणि काळ्या चिखलातल्या बोडीतला मासा, जात एक असली तरी वेगळे दिसतात. देशी मांगुराच्या अंगावर मागच्या बाजूला बऱ्याचदा बारीक पांढऱ्या ठिपक्यांच्या उभ्या ओळी असतात आणि आफ्रिकन मोठा झाला की त्याच्या पाठीवर राखाडी-काळे डाग पसरलेले दिसतात. पण एवढ्यावर निकाल देऊ नये.

खरी खूण डोक्यावर आहे. मासा ओल्या फडक्यात धरा. छातीजवळच्या दोन्ही परांना काटा असतो, तो टाळून त्याच्या मागे पकड घ्या. मग अंगठा कवटीवरून हळूहळू पाठीकडे न्या. कवटीचे हाड जिथे संपते तिथे देशी मांगुराला मधोमध एकच निमुळते टोक लागते, व्ही अक्षरासारखे. आफ्रिकनच्या हाडाची कड तिथे सरळ एका टोकाला येत नाही. ती वरखाली होत जाते, एम अक्षरासारखी. दोन-चार मासे असे चाचपून पाहिले की अंगठ्याला फरक कळू लागतो, डोळ्यांची गरज उरत नाही. त्यातच डोक्याचा आकारही लक्षात येतो. आफ्रिकनचे डोके रुंद, चपटे आणि लांब असते, वरून खरखरीत लागते. देशीचे डोके त्या मानाने आखूड.

मासा मोठा असेल तर उलटा करून गळ्याखालची बाजू बघा. आफ्रिकनला तिथे दोन्ही बाजूंना एकेक काळपट पट्टा असतो. लहान पिल्लांना तो नसतो, म्हणून त्यांच्या बाबतीत ही खूण कामाची नाही.

वजन तर फारच बोलके. देशी मांगूर साधारण वीत-दीड वीत भरतो, दोनशे-तीनशे ग्रॅमचा. आफ्रिकन दीड मीटरच्या पुढे जातो आणि ६० किलोपर्यंत वाढल्याची नोंद आहे. दीड-दोन किलोचा मांगूर कुणी अभिमानाने दाखवला तर तो देशी नाही, हे न चाचपताही समजावे. (शिंगी या दुसऱ्या मिशीवाल्या माशाशी दोघांचाही गोंधळ होऊ नये. शिंगीच्या पाठीवरचा पर अगदी चिमुकला असतो, आणि तिचा काटा लागला की हात ठणकतो.)

देशी मांगुराचे आयुष्य आपल्या धानाशी बांधलेले आहे. पावसाची झड बसली, सांडव्यातून आणि पाटातून पाणी वाहू लागले की तलावातला मांगूर प्रवाहाच्या उलट चढत बांध्यांमध्ये, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या शेतांत येतो. रोवणीच्या दिवसांत बांधीतल्या उथळ, कोमट पाण्यात, धुऱ्याच्या (बांधाच्या) कडेला चिखलात खळगा करून मादी अंडी घालते आणि नर त्यांची राखण करतो. उन्हाळ्यात पाणी आटले की तो चिखलात शिरून तग धरतो, कारण कल्ल्यांशिवाय हवेतून श्वास घेण्याचे वेगळे अवयव त्याला आहेत. बांधीत कीटकनाशके वाढली, बोड्या गाळाने भरल्या, चढणीचे गाभोळीने भरलेले मासे वाटेतच पकडले गेले, आणि हा मासा दिसेनासा होत चालला. जागतिक पातळीवर त्याची नोंद आता संकटग्रस्त जातींमध्ये आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीतल्या ढिवर या मासेमार समाजाच्या घरांमध्ये बाळंतिणीला आणि आजाऱ्याला हाच मासा देत आले. तो नाहीसा होणे ही नुसत्या एका माशाची गोष्ट नाही, असे मला मनापासून वाटते.

आफ्रिकन मांगूर नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बांगलादेशमार्गे पश्चिम बंगालमध्ये आला, कायदेशीर परवानगी नसताना. तो थायलंडहून बांगलादेशात गेला होता, म्हणून नावाला 'थाई' चिकटले. काही महिन्यांत किलोचा होतो, कोंबडीच्या आतड्यांवर आणि सडक्या मांसावरही पोसतो, म्हणून पाळणाऱ्याला तो फायद्याचा वाटतो. केंद्र सरकारने २००० सालीच त्याच्यावर बंदी घातली. राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशानंतर महाराष्ट्रातही त्याचे साठे नष्ट करण्याच्या कारवाया झाल्या. तरी तो चोरून पाळला जातो, आणि पुरात शेततळ्याचा बांध फुटला की नाल्यातून तलावात पोचतो. तिथे तो बेडूक, किडे, लहान मासे असे जे मिळेल ते खातो. मच्छीमार सहकारी संस्थेने पैसे मोजून सोडलेली रोहू, कटला, मृगळची बोटुकलीही (बोटाएवढी पिल्लेही) त्याच्या तोंडी जाते.

मासा ओळखून मगच ठेवायचा की सोडायचा हे ठरवण्याची सवय जगात इतरत्र चांगली रुजली आहे. अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरच्या नद्यांत समुद्रातून परतणारा सॅमन लोक काठावर उभे राहून गळाने धरतात. तिथे मत्स्यबीज केंद्रात वाढवलेल्या पिल्लांच्या शेपटीजवळचा, पाठीवरचा छोटा मांसल पर सोडण्याआधीच कापतात. पुढे मासा हाती आला की तो पर आहे की नाही एवढेच बघायचे. पर नसेल तर मासा केंद्रातला, तो नियमाप्रमाणे ठेवता येतो. पर शाबूत असेल तर मासा रानातला, आणि बऱ्याच नद्यांवर तो सोडून द्यावाच लागतो. आपल्याकडे कुणी पर कापून खूण करून ठेवलेली नाही. आपली खूण कवटीच्या हाडात आहे.

पावसाळ्यात देशी मांगूर लागला आणि पोट टपोरे असेल तर सोडून द्या, ही माझी कळकळीची विनंती. गळ खोल गिळला असेल तर ओढाताण करू नका, दोरी तोंडाजवळ कापा. आफ्रिकन लागला तर तिथेच मारा. अर्धमेला समजून पाळीवर टाकून जाऊ नका, ओल्या जमिनीवरून सरपटत तो पुन्हा पाणी गाठतो. कुठे सापडला ते संस्थेला आणि जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाला कळवा.

अडचण होते ती लहान पिल्लांची आणि संकराची. दोन्ही जातींचा संकर होतो आणि त्याच्या खुणा अधल्यामधल्या असतात. अशा वेळी घाईने सोडूही नका, मारूही नका. बादलीत चार बोटे पाणी घेऊन मासा त्यात ठेवा आणि गावातल्या जाणत्या ढिवराला दाखवा. एवढ्या पाण्यात तो आरामात राहतो. फक्त बादलीवर जाळी बांधा, मांगूर उडी मारून बाहेर पडतो.