वेबसाइट दिव्यांगांना वापरता येत नाही: मुख्य आयुक्तांकडे तक्रार कशी करायची आणि ती कुठे अडते

खरेदीच्या वेबसाइटवर सगळं निवडून झालं आणि पैसे भरायच्या पानावर स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर अंध व्यक्तीला वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) नुसतं ‘बटण, बटण, बटण’ म्हणू लागला, तर त्याची तक्रार दिल्लीतल्या दिव्यांगजन मुख्य आयुक्तांकडे करता येते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ खासगी कंपन्यांनाही लागू आहे, त्यामुळे ‘आम्ही काही सरकारी नाही’ ही सबब चालत नाही.

तक्रार ज्याला त्रास झाला त्याने स्वतः करावी किंवा प्रतिनिधीमार्फत. ४० टक्के दिव्यांगत्व नाही म्हणून कित्येक जण अर्जच करत नाहीत. ती अट आरक्षणासारख्या लाभांसाठी आहे, तक्रारीसाठी नाही. प्रमाणपत्र असेल तर प्रत जोडा, टक्के कमी असतील तरी अर्ज करा.

अर्जात तुमचं नाव-पत्ता, समोरच्या पक्षाचं नाव-पत्ता, काय, कधी, कुठे घडलं, पुरावे आणि तुमची मागणी एवढं लागतं. समक्ष, रजिस्टर्ड पोस्टाने किंवा ईमेलने पाठवता येतो.

ऐकायला सोपं आहे, पण घोडं पेंड खातं ते समोरच्या पक्षाच्या नावाशी. ॲपवर दिसतो तो ब्रँड असतो, कंपनीचं नोंदणीकृत नाव निराळंच असतं. आयुक्तांनी ब्रँडच्या नावाने नोटीस काढून ती पोचवायची कुणाला? ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे खरेदीच्या वेबसाइटने कायदेशीर नाव, पत्ता आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव दाखवायलाच हवं. ते बहुतेक वेळा अगदी तळाशी, अटी-शर्तींच्या पानात दडवलेलं असतं. सापडलं की आधी त्या अधिकाऱ्याला ईमेल करा. त्याने ४८ तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याभरात निवारण करायचं असतं. उत्तर आलं नाही तरी तुमचा ईमेल पुरावा म्हणून कामाला येतो.

दुसरी अडचण पुराव्याची. लोक स्क्रीनशॉट जोडतात. डोळस माणसाला त्यात छान रंगीत पान दिसतं, मग बिघडलंय काय? स्क्रीन रीडर काय बोलतो ते ऐकू येईल असं आवाजासह रेकॉर्डिंग करा. सोबत पानाचा पत्ता, तारीख, वेळ, ब्राउझर आणि स्क्रीन रीडर कोणता (संगणकावरचा एनव्हीडीए की अँड्रॉइड फोनवरचा टॉकबॅक) हे लिहा. ‘वेबसाइट चालत नाही’ असं मोघम लिहू नका. ‘पत्ता भरल्यावर पुढे जायच्या बटणावर कीबोर्डने पोचता येत नाही’ असं लिहा. रेकॉर्डिंग करताना कार्ड नंबर आणि ओटीपी मात्र उघड होऊ देऊ नका.

मागणीही नेमकी हवी: कोणतं पान, काय दुरुस्ती, किती दिवसांत. कायद्यात पहिल्या उल्लंघनाला १० हजारांपर्यंत आणि पुढच्या प्रत्येक उल्लंघनाला ५० हजार ते ५ लाख रुपये दंड आहे, पण तो काही तुमच्या खात्यात जमा होत नाही.

मुदतीबद्दल जवळजवळ सगळेच फसतात. समोरच्याला उत्तरासाठी ३० दिवस मिळतात, वर फार तर १५ दिवसांची वाढ. निकाल शक्यतो तीन महिन्यांत द्यायचा असतो, पण ते मोजायचे त्याला नोटीस मिळाल्यापासून, तुम्ही अर्ज पाठवल्यापासून नव्हे. शिवाय ‘शक्यतो’ हा शब्द नियमातच आहे, तेव्हा नव्वदाव्या दिवशी कार्यालयाशी भांडून उपयोग नाही. सुनावणीची तारीख मात्र चुकवू नका. तुम्ही किंवा प्रतिनिधी हजर नसाल, तर तेवढ्यावरून तक्रार निकालात निघू शकते.

कंपनीचं उत्तर अनेकदा स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये येतं, म्हणजे स्क्रीन रीडरच्या लेखी कोरा कागद. वाचता येईल अशी प्रत लगेच लेखी मागा. ‘दुरुस्ती केली आहे’ असा दावा त्यात असेल, तर तेच पान पुन्हा उघडून नवं रेकॉर्डिंग करा आणि सुनावणीआधी कार्यालयाला पाठवा.