प्रस्तावना (संस्कृत नाटक)

प्रस्तावना : संस्कृत नाटकात नांदीनंतर आणि प्रत्यक्ष कथानकापूर्वी येणारा संवाद, यालाच आमुख असेही म्हणतात. सूत्रधार नटी, विदूषक किंवा पारिपार्श्विक (सूत्रधाराचा साहाय्यक) यांच्यापैकी एकाशी बोलतो आणि त्या ओघात कवीचे व नाटकाचे नाव, प्रयोगाचे निमित्त, ऋतू इ. गोष्टी प्रेक्षकांना कळतात. कथाबीज रीतसर पेरले जाते ते पुढे मुखसंधीत, म्हणजे कथानकाच्या पहिल्या टप्प्यात. प्रस्तावनेचे खरे कसब पहिल्या पात्राला रंगभूमीवर आणण्यात आहे.

या प्रवेशाच्या रीतींवरून नाट्यशास्त्र व विश्वनाथाचे साहित्यदर्पण (१४ वे शतक) प्रस्तावनेचे पाच प्रकार मानतात : उद्घात्यक (अस्पष्ट शब्दांना दुसरा अर्थ जोडून प्रवेश), कथोद्घात, प्रयोगातिशय, प्रवर्तक (चालू ऋतूच्या वर्णनावरून प्रवेश) व अवलगित. दशरूपककार धनंजय (१० व्या शतकाचा उत्तरार्ध) मात्र आमुखाची अंगे म्हणून तीनच सांगतो आणि उद्घात्यक व अवलगित यांना वीथी या एकांकी नाट्यप्रकाराच्या अंगांत घालतो. कथोद्घाताबद्दल वाद नाही. हर्षाच्या रत्नावलीत सूत्रधाराचे वाक्य उचलूनच मंत्री यौगंधरायण प्रवेश करतो. शाकुंतलाबाबत मात्र मतभेद आहे. ‘हरणामागे ओढल्या गेलेल्या या दुष्यंत राजाप्रमाणे मी तुझ्या गीताने ओढला गेलो’ असे सूत्रधार नटीला म्हणतो आणि राजा येतो. दशरूपकात हे प्रयोगातिशयाचे उदाहरण ठरते, कारण ‘हा पाहा’ अशा निर्देशाने पात्र येते. विश्वनाथ तेच अवलगित मानतो : नटीच्या गाण्याची स्तुती करता करता राजाची सूचना हे दुसरे कार्य साधले. पहिल्या मतात पात्राच्या निर्देशाला आणि दुसऱ्यात संवादाच्या वळणाला महत्त्व आहे. गाण्याच्या भरात सूत्रधार कोणते नाटक करायचे तेच विसरतो आणि पुढे राजा शकुंतलेला विसरतो, हे लक्षात घेता विश्वनाथाचे मत अधिक सयुक्तिक वाटते.

कथेतील जग उभे करण्याच्या दृष्टीने मृच्छकटिकाची प्रस्तावना सर्वांत संपन्न आहे. भुकेला सूत्रधार घरी येतो, तर बायकोचे व्रत चालू. त्यासाठी ब्राह्मणाला जेवायला बोलवायचे आहे. येथे तो संस्कृत सोडून प्राकृत बोलू लागतो, तसे सांगूनही. तो मैत्रेयाला आमंत्रण देतो आणि मैत्रेय ते नाकारतो. या क्षुल्लक वाटणाऱ्या प्रसंगातून उज्जयिनीचे गृहजीवन तर दिसतेच, शिवाय मैत्रेयाचा मित्र चारुदत्त याच्या दारिद्र्याकडे नाटक सहज वळते. याच प्रस्तावनेत नाटकाचा कवी शूद्रक शंभर वर्षे व दहा दिवस जगून अग्निप्रवेश करता झाला असे म्हटले आहे. कवी स्वतःचा मृत्यू भूतकाळात सांगणार नाही, म्हणून हे श्लोक मागाहून जोडलेले असावेत, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

नाट्यशास्त्रानुसार पूर्वरंग (नाटकापूर्वीचे पूजन, नांदी इ. विधी) आटोपून सूत्रधार निघून जातो व त्याच्यासारखाच स्थापक येऊन काव्याची स्थापना करतो. पूर्वरंगाचा यथासांग प्रयोग होत नसल्याने आता एकटा सूत्रधारच सर्व करतो, असे विश्वनाथाने नोंदविले आहे. टी. गणपतिशास्त्री यांनी १९१२ पासून त्रिवेंद्रम येथे भासाची म्हणून प्रसिद्ध केलेल्या तेरा नाटकांमुळे स्थापनेचा प्रश्न पुन्हा पुढे आला. त्यांपैकी बहुतेकांत या भागाला ‘स्थापना’ म्हटले आहे, कवीचे नाव नाही आणि ‘नान्द्यन्ते’ (नांदी संपल्यावर) ही सूचना आरंभीच आहे. भासाची नाटके सूत्रधारापासून सुरू होतात, या बाणाच्या हर्षचरितातील उल्लेखाशी हे जुळते, असे गणपतिशास्त्री यांचे प्रतिपादन. विरोधकांच्या मते ही केवळ केरळी हस्तलिखितांची लकब होय. महेंद्रविक्रमाच्या मत्तविलास या प्रहसनाचा आरंभही तसाच आहे. तथापि मत्तविलासात कवीचे नाव येते. त्यामुळे हा आक्षेप सूचनेच्या जागेपुरता ग्राह्य धरावा. कवीच्या अनुल्लेखाचा उलगडा त्याने होत नाही.

मराठीत विष्णुदास भावे यांच्या सांगलीतील सीतास्वयंवरापासून (१८४३) सूत्रधार व विदूषक आले, पण त्यांच्यामागोमाग गणपती आणि सरस्वती येत. ही रचना संस्कृत प्रस्तावनेपेक्षा पूर्वरंगाला जवळची आहे. किर्लोस्करांच्या संगीत शाकुंतलाने (१८८०) नांदी व नटी-सूत्रधाराचा संवाद पद्यांसह रूढ केला. वास्तववादी नाटकांनी पुढे तो टाकून दिला. तमाशातील गण-गवळण हिला कधीकधी प्रस्तावना म्हटले जाते. ते सैल वाटते, कारण गवळणीतील पात्रे वगात, म्हणजे तमाशातील कथानाट्यात, नेऊन सोडण्याची जबाबदारी तिच्यावर नसते.