दात काढल्यावर हाड का ओसरतं?

कवळी दोन-तीन वर्षांत सैल पडली की दोष ती बनवणाऱ्याच्या माथी येतो. कवळी असते तीच. तिच्याखालचं हाड ओसरलेलं असतं. दंतसंशोधक टालग्रेन यांनी १९७२ मध्ये पूर्ण कवळी वापरणाऱ्यांची २५ वर्षांची मापं मांडली, तेव्हा खालचा जबडा वरच्याच्या सुमारे चौपट झिजलेला दिसला.

मात्र ही झीज कवळीच्या आधीच सुरू होते. २००३ मध्ये श्रॉप आणि सहकाऱ्यांनी दाढा-उपदाढा काढलेल्या जागा वर्षभर मोजल्या. हाडाची सरासरी १२ मिलिमीटरची रुंदी ५.९ वर आली, आणि त्यातली दोन तृतीयांश घट पहिल्या तीन महिन्यांतच झाली होती.

या झिजेचं कारण २००५ मध्ये अराउजो आणि लिंडे यांनी कुत्र्यांच्या जबड्यांत दाखवलं. दाताला धरून ठेवणारे तंतू, दात बसतो त्या खाचेच्या आतल्या हाडाच्या अस्तरात रुतलेले असतात. दात गेला की अस्तराला काम उरत नाही, ते विरघळतं. गालाकडच्या भिंतीचा काठ बहुतांशी याच अस्तराचा. म्हणून आठ आठवड्यांत ती जिभेकडच्या भिंतीपेक्षा सुमारे २ मिलिमीटर खाली गेली. माणसाच्या वरच्या पुढच्या दातांपुढे ही भिंत बहुधा एक मिलिमीटरहूनही पातळ असते.

उपाय मात्र कारण कळण्याआधीच सुरू झाले होते. १९८० च्या सुमारास मुळाच्या आकाराचे हायड्रॉक्सिॲपेटाइटचे (हाडातल्या खनिजासारख्या पदार्थाचे) घट्ट सुळके खाचेत बसवत. हिरडी उघडून बरेचसे बाहेर येत. पुढे ‘लगेच इम्प्लांट (कृत्रिम दातासाठी हाडात बसवायचा स्क्रू) बसवलं की हाड टिकेल’ ही आशाही कुत्र्यांवरच्या प्रयोगांनी मोडली: इम्प्लांटला ते तंतू नसतात.

आज भर भिंत वाचवण्यावर आहे. दाढेची मुळं कापून एकेक सुटी काढायची, गालाकडे रेटा द्यायचा नाही, शक्यतो हिरडी उचलायची नाही. खाच खरवडून सगळा संसर्गाचा मऊ भाग काढायचा. तो राहिला तर ग्राफ्टचे, म्हणजे खाच भरायला घालतात त्या हाडासारख्या पदार्थाचे, दाणे हाडाऐवजी मांसातच अडकून बसतात. दाणे काठापर्यंत हलकेच भरायचे. ठासून भरले तर रक्तवाहिन्यांना वाट मिळत नाही. वर कोलॅजनचा पडदा, टाके, आणि इम्प्लांटआधी चार ते सहा महिने थांबणं. एवढं करूनही एखादा मिलिमीटर जातोच, हे रुग्णाला आधीच सांगावं. अक्कलदाढेच्या खाचेत मात्र, जिथे पुढे काहीच बसवायचं नसतं, ग्राफ्टवर पैसे घालवू नयेत.