नव्वदीतली ‘फिल्ड’ आणि अविश्वसनीयतेचा शिक्का

नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेत काचबिंदूच्या तपासणीला येणाऱ्या पंचाऐंशी-नव्वदीच्या आजी-आजोबांच्या फाइलमध्ये दृष्टिक्षेत्र चाचणीचा, म्हणजे सगळे जिला नुसते ‘फिल्ड’ म्हणतात तिचा, अहवाल असतो आणि त्यावर अनेकदा चाचणी विश्वासार्ह नसल्याची खूण असते. ती खूण पाहून अहवाल बाजूला ठेवणे सोपे असले, तरी बहुतेक वेळा ते घाईचे ठरते.

हम्फ्री यंत्राच्या नेहमीच्या 24-2 चाचणीत रुग्णाने समोरच्या एका बिंदूवर नजर रोखायची असते आणि आजूबाजूच्या 54 ठिकाणी 0.2 सेकंदांपुरता चमकणारा ठिपका दिसला की बटण दाबायचे असते. दिसणे आणि न दिसणे यांची सीमा शोधण्यासाठी यंत्र ठिपका मुद्दाम मंद करत नेते, त्यामुळे निरोगी डोळ्यालाही त्यांतले बरेच ठिपके दिसत नाहीत. हे आधी कोणी सांगितले नाही, तर वृद्ध माणूस धास्तावतो आणि अंदाजाने बटण दाबू लागतो.

विश्वासार्हता तीन निर्देशांकांवरून ठरते, पण त्यांचे वजन सारखे नाही. पहिल्यात कानाच्या बाजूला सुमारे 15 अंशांवर असलेल्या अंधबिंदूत, म्हणजे निरोगी डोळ्यालाही जिथले काही दिसत नाही अशा जागी, ठिपका टाकला जातो. तो दिसला तर नजर हलली असे यंत्र धरते. मात्र डोके किंचित कलले किंवा अंधबिंदूची जागाच सुरुवातीला चुकीची धरली गेली, तरी हा आकडा फुगतो. दुसरा निर्देशांक, ठिपका न दिसताच दाबलेल्या बटणांचा, खरोखर काळजीचा आहे, कारण अशा उत्तरांमुळे क्षेत्र असते त्याहून चांगले दिसते आणि आजार झाकला जातो. हे प्रमाण 15 टक्क्यांपुढे गेले तर चाचणी पुन्हा करणे उत्तम. तिसऱ्यात, आधी मंद ठिपका दिसलेल्या जागी नंतर ठळक ठिपका दिसला नाही, तर रुग्ण दमला किंवा पेंगला असे मानले जाते. परंतु काचबिंदूने निकामी होत चाललेल्या भागाची संवेदनक्षमताच क्षणाक्षणाला बदलते, त्यामुळे अगदी सावध रुग्णाचाही हा आकडा वाढतो. केवळ त्यावरून अहवाल रद्द केला, तर ज्यांचा आजार सर्वांत पुढे गेला आहे त्यांचेच अहवाल आपण टाकून देतो.

उलट, काही दोष या तिन्ही आकड्यांत दिसत नाहीत. लोंबलेली पापणी वरचा भाग काळा दाखवते आणि ते हुबेहूब काचबिंदूसारखे भासते. पापणी पट्टीने वर चिकटवली की तो डाग निघून जातो. मोतीबिंदू आणि बारीक झालेली बाहुली सगळेच क्षेत्र मंद करतात. पाठीला बाक आल्याने हनुवटी टेकणीवरून सरकली, तर चष्म्याच्या भिंगाची कडा आड येते. त्यात गडचिरोलीहून पहाटे निघून मे महिन्याच्या भर दुपारी तपासणीला बसलेल्या माणसाचा दुसरा डोळा पहिल्यापेक्षा वाईट निघाला, तर दोष थकव्याचाही असू शकतो. बटण दाबून धरले की चाचणी थांबते, ही सोय बहुतेकांना माहीतही नसते. सिटा फास्टसारखी छोटी पद्धत वापरणे अशा वेळी शहाणपणाचे असते. खूप खराब झालेल्या भागात तिचे आकडे जास्त डळमळतात, पण अर्धवट सोडलेल्या लांब चाचणीपेक्षा ते बरे, असे मला वाटते.

मग सरळ ओसीटीच, म्हणजे डोळ्याच्या पडद्यातल्या मज्जातंतूंच्या थराची जाडी प्रकाशाने मोजणारी तपासणीच, का करू नये? तिथे बटण दाबावे लागत नाही हे खरे. मात्र दाट मोतीबिंदूत प्रतिमा धूसर येते आणि आजार फार पुढे गेल्यावर मज्जातंतूंच्या थराची जाडी एका तळाशी येऊन थांबते. त्यानंतर दृष्टी कमी होत राहिली तरी ओसीटीला ते कळत नाही. नेमके तिथेच फिल्ड लागते.

शिवाय नव्वदीत खरा प्रश्न असतो तो दृष्टी किती वेगाने जाते आहे याचा, कारण डोळ्यांतल्या थेंबांची भर घालायची की शस्त्रक्रिया करायची हे त्यावर ठरते, आणि एकट्या अहवालातून वेग निघत नाही. पहिली चाचणी तर सवय नसल्यामुळेच बहुधा वाईट येते. तीन सदोष अहवालांत तोच कोपरा क्रमाने गडद होत असेल, तर ती माहिती डॉक्टरांच्या उपयोगाची असते; म्हणून तपासणीला जाताना शिक्का बसलेले जुने कागदही सोबत न्यावेत.