कमी चरबीचे लाल मांस व हृदयस्नेही आहार

गाय, म्हैस, शेळी, मेंढी, डुक्कर अशा सस्तन प्राण्यांच्या मांसाला लाल मांस म्हणतात. अमेरिकेतील लेबलच्या नियमांनुसार 100 ग्रॅम मांसात एकूण मेद 10 ग्रॅमपेक्षा कमी, संपृक्त मेद (सॅच्युरेटेड फॅट) फार तर 4.5 ग्रॅम आणि कोलेस्टेरॉल 95 मिलिग्रॅमपेक्षा कमी असेल, तरच ते ‘कमी चरबीचे’ ठरते. हृदयाच्या दृष्टीने यातला कळीचा आकडा संपृक्त मेदाचा. हा मेद वाढला की यकृत रक्तातले एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ म्हटले जाणारे कोलेस्टेरॉल कमी प्रमाणात उचलते आणि ते रक्तवाहिन्यांत साठू लागते.

हृदयरुग्णाने लाल मांस पूर्ण सोडावे, या सरसकट सल्ल्याला पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातील ‘बोल्ड’ प्रयोगाने छेद दिला. त्याचे निष्कर्ष 2012 साली प्रसिद्ध झाले. एलडीएल वाढलेल्या 36 जणांना चार आहार प्रत्येकी पाच आठवडे देण्यात आले. पहिला तुलनेसाठीचा नेहमीचा अमेरिकी आहार, दुसरा रक्तदाबासाठी प्रसिद्ध असलेला ‘डॅश’. उरलेल्या दोघांत, बोल्ड आणि बोल्ड-प्लसमध्ये, रोज अनुक्रमे 113 आणि 153 ग्रॅम कमी चरबीचे गोमांस होते. तुलनेच्या आहारात संपृक्त मेदातून 12 टक्के उष्मांक मिळत होते, बाकी तिन्हींत सुमारे 6 टक्के. या तिन्ही आहारांत एलडीएल सुमारे 10 टक्क्यांनी उतरले. श्रेय मात्र गोमांसाचे नव्हे. भाज्या, फळे, कडधान्ये भरपूर आणि संपृक्त मेद निम्म्यावर, अशा ताटात मांसाने बिघाड केला नाही, एवढेच त्यातून सिद्ध होते. प्रयोगाला गोमांस उद्योगाचा निधी होता, आणि मोजले गेले ते कोलेस्टेरॉल. हृदयविकाराचे झटके नव्हेत. शिवाय जागतिक कर्करोग संशोधन निधीने लाल मांसाची मर्यादा आठवड्याला शिजवलेले 350 ते 500 ग्रॅम इतकीच सांगितली आहे. बोल्डमधले प्रमाण त्याहून जास्त भरते. सॉसेज, सलामी, बेकन हे मिठात मुरवलेले प्रकार या चर्चेत बसतच नाहीत. ते टाळावेत.

महाराष्ट्रात मांसाहारी घरांत लाल मांस म्हणजे बहुधा बोकडाचे मटण. बोकडाच्या स्नायूंत चरबी फारशी मुरलेली नसते. वरची चरबी काढून शिजवलेल्या 100 ग्रॅम मटणात मेद जेमतेम 3 ग्रॅम आणि संपृक्त मेद 1 ग्रॅमच्या आत असतो. खाटकाकडे मांडीचे मटण मागितले आणि चवीसाठी वर टाकले जाणारे चरबीचे तुकडे नाकारले, की निम्मे काम झाले. उरलेले निम्मे वाटणात असते, आणि तिकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. 10 ग्रॅम सुक्या खोबऱ्यात साधारण साडेपाच ग्रॅम संपृक्त मेद असतो, म्हणजे त्या 100 ग्रॅम मटणाच्या पाचपटींहून अधिक. दिवसाला 2,000 उष्मांक घेणाऱ्यासाठी बोल्डमधली संपृक्त मेदाची 6 टक्क्यांची मर्यादा जेमतेम 13 ग्रॅमची. तेव्हा मटण सोडून नुसता रस्सा ओरपणाऱ्याची चूक उघड आहे. खोबरे कमी करून भाजलेला कांदा वाढवला, तरी रस्सा दाट होतो. मटण आधी शिजवून ते पाणी गार केले तर चरबी वर थिजते आणि चमच्याने काढता येते.

भेजा आणि कलेजी यांत कोलेस्टेरॉल फार असते. त्यांना वरचे हिशेब लागू नाहीत. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. बोल्ड-प्लससारखा प्रथिने वाढवलेला आहार त्यांच्यासाठी नाही.